अँब्युलन्स मिसिंग

आदल्या दिवशी दुपारी मी हौसाच्या पायांतल्या जोडव्यांची तोंडं पक्कडीनं फाकवून दिली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. म्हणून तिथूनच सुरू करतो. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो. लिहिणं वाकडंतिकडं असेल, पण जे झालं तेवढंच लिहीन.

मी फौजेत मोटार ड्रायव्हर होतो. हुद्दा लान्स नाईक. पोस्टिंग देवळाली छावणी. दुसरी मोठी लढाई लागायला अजून काही वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या ताब्यात अँब्युलन्स होती. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे लाकडी डबा, डब्यात दोन स्ट्रेचर. मध्ये जाड फळी. फळीला खिडकी नव्हती. मागच्या माणसाला ड्रायव्हरला काही सांगायचं तर तो फळीवर थाप मारायचा. एक थाप म्हणजे हळू चल. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे दामट. आम्ही ठरवलेली ही भाषा. बाकी कुणाला ती माहीत नव्हती.

थापा मारणारा यूसुफ. नर्सिंग शिपाई. जुन्या नाशकातला. बाप भांड्यांना कल्हई करायचा. यूसुफचं तोंड फाटकं, पण हात हलका. जखमी माणूस उचलताना त्याला कळायचंसुद्धा नाही.

त्या हिवाळ्यात आमचा कॅम्प सिन्नरच्या अलीकडे माळावर लागला. हौसाचं माहेर तिथून हाकेवर. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली. आठवा महिना. छावणीत चाळीस गाड्या आणि चाळीस ड्रायव्हर, पण कॅम्पची ड्युटी मलाच लागली. मला वाटलं, देवानंच लावली. आता तसं वाटत नाही.

अँब्युलन्सला एक दुखणं होतं. रस्त्यावर पळाली की झकास. उभी राहिली की थरथरायची. स्टिअरिंग थरथरायचं, मडगार्ड वाजायचे, मागे स्ट्रेचरच्या कड्या खुळखुळायच्या, आणि लक्ष नाही दिलं तर बंद पडायची. उभ्या गाडीचं इंजिन हळू चालू ठेवण्याला आम्ही ‘स्लो’ म्हणायचो. स्लोवर थरथरणाऱ्या गाडीचं काय करायचं ते सांगतो. मोटार आता पुष्कळांकडे असते, उपयोगी पडेल.

माझ्या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर होते. चारही सारखं काम करतात तोवर गाडी गप्प उभी राहते. एकानं काम सोडलं की बाकीचे तीन त्याला ओढत नेतात आणि गाडी लंगडते. मेस्त्री म्हणतो, ‘गाडी मिसिंग आहे.’ मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर चुकतो. आमच्या धंद्यात याला दुसरा अर्थ नाही.

आधी बघायचं, इंजिन ज्या बोल्टांवर बसलंय ते ढिले आहेत का. ढिले असतील तर इंजिनाचा दोष नाही, पाटाचा पाय हलतोय. मग प्लग. लाकडी मुठीचा पेचकस घ्यायचा आणि चालू इंजिनात तो एकेका प्लगच्या टोकाला आणि इंजिनाच्या लोखंडाला एकदम टेकवायचा. हात लाकडावरच ठेवायचा, नाहीतर असा झटका बसतो की आईबाप आठवतात. टेकवलं की तो सिलिंडर बंद होतो. गाडी आणखी लंगडली तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. माझ्या गाडीत चारही ठिकाणी फरक पडत होता. प्लग बरे होते. ठिणगीचे पॉइंट घासले. कार्ब्युरेटरचा बारीक जेट काढून तोंडानं फुंकला. फरक नाही.

राहिलं एक. इंजिनात हवा आणि पेट्रोल ज्या नळातून जातं तो मॅनिफोल्ड. तो इंजिनाला जिथं जोडतात तिथं पॅकिंग असतं. पॅकिंगला चीर गेली की तिथून चोरटी हवा आत शिरते. गाडी पळताना इंजिन एवढी हवा ओढतं की चोरटी हवा त्यात कुठल्या कुठं जाते. स्लोवर इंजिन घोटभर हवा घेतं. तेव्हा तेवढी चोरीही त्याला पुरते. पळताना बरी आणि उभी असताना आजारी, ही त्याची खूण.

चीर शोधायला दोन माणसं लागतात. एकानं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करायची दांडी, धरायचा, दुसऱ्यानं सांध्यावर तेलाचे थेंब सोडायचे. आमच्या गाडीत स्टिअरिंगवर थ्रॉटलचा लिव्हर होता. लिव्हर जागेवर धरणारे दाते झिजले होते. गाडी थरथरली की लिव्हर आपोआप खाली सरकायचा आणि इंजिन बंद. म्हणून उभ्या गाडीत लिव्हरवर कुणाचा तरी हात लागायचाच.

यूसुफ पाणी तापवायला गेलेला. तेवढ्यात हौसा आली. गाड्यांचा पार्क कॅम्पच्या कडेला बाभळींखाली होता, तिथवर घरच्यांना येऊ द्यायचे. फडक्यात भाकरी आणि ठेचा.

मी म्हणालो, “वर बस. हा लिव्हर धर. सोडायचा नाही.”

“मी? आन् गाडी पळाली मंग?”

“गिअर नाही टाकलेला. नाही पळत.”

“तुमचं काय खरं नाय. पळाली तर सासरी जाऊन थांबंल.”

ती वर चढली. चढताना दोनदा थांबली. मी खालून तेलाची झारी घेऊन सांध्यावर थेंब सोडत गेलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये थेंब पडला तसा तो आत ओढला गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम गोड झाला. दोन श्वासांपुरता. मग पुन्हा थरथर.

“आत्ता बरी झाली व्हती की ती!” हौसा वरून ओरडली. “काय केलं?”

“चीर सापडली. इथून हवा खाते.”

“म्हंजी फुंकणी फुटल्यावानी. आपण फुंकतोय आन् वारा भलतीकडंच.”

“तसंच. फक्त उलटं. ही ओढते.”

“मंग लिंपा की. शेणमाती आणू?”

यूसुफ परत आला होता. तो म्हणाला, “वहिनी, ही गाडी तुमच्या नवऱ्यावर गेलीय. कामावर असली की बरी, उभी राहिली की कुरकुर.”

“कामावर तरी कुठं बरे हायेत भाऊजी? तुमी साबाला सांगत नाय म्हणून चाललंय.”

नवीन पॅकिंग देवळालीहून मागवलं होतं. आलेलं नव्हतं. मी साबणाच्या वडीत सुती दोरा मळून चिरेत ठासला. असं पॅकिंग गार इंजिनावर टिकतं. तापलं की साबण वितळतो. मला माहीत होतं, यूसुफला माहीत होतं, वर रिपोर्ट दिलेला होता. दुसरा इलाज नव्हता.

हौसा खाली उतरली आणि फुटबोर्डावर बसून पाय चोळायला लागली. पाय सुजले होते. जोडवी बोटांत रुतून कड्या दिसेनाशा झालेल्या. मी पक्कड घेतली.

“काढायची नाय हं,” ती म्हणाली. “सवाशिणीनं जोडवी काढत्यात का?”

“काढत नाही. तोंडं फाकवतो.”

मी तिचा पाय गुडघ्यावर घेतला आणि एकेक जोडवं बेतानं उघडलं. तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. मग म्हणाली, “डोकं लय ठणकतंय कालपासनं. डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात.”

यूसुफनं पायाच्या सुजेवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरायलाच तयार नाही. तो मस्करी करायचा थांबला. म्हणाला, “उद्या कॅप्टन साहेबांना दाखवू.”

कॅप्टन साहेब त्या दिवशी फायरिंग रेंजवर होते. दाखवायचं उद्यावर ठरलं. हौसा मोकळ्या जोडव्यांनी बांधाबांधानं घरी गेली. पाठमोरी चालताना कमरेवर हात.

दुसऱ्या दिवशी सकाळची परेड सुटली आणि हौसाचा थोरला भाऊ पळत आला.

“दाजी, हौसीला झटके येत्यात. दात बसलेत.”

मी कॅप्टन साहेबांपुढं उभा राहिलो. सॅल्यूट केला. बोललो. साहेब इंग्रज होते, आमच्याशी हिंदुस्तानीत बोलायचे. त्यांनी यूसुफकडे बघितलं. यूसुफनं पायाच्या सुजेचं सांगितलं.

“देवलाली. फॅमिली हॉस्पिटल. अभी,” साहेब म्हणाले. “गाडी चलेगी?”

“चलेगी, साब.”

खोटं नव्हतं. चालायला ती कधीच नाही म्हणाली नव्हती.

घरापुढं गाडी लावली. हौसा घोंगडीवर होती. मला ओळखलं. म्हणाली, “आलात व्हय.” जीभ चावलेली, ओठावर रक्त. यूसुफनं तिला स्ट्रेचरवर घेतलं. तिची आई मागे बसली. मी सासूला मामी म्हणायचो. मामींनी हौसाचं डोकं मांडीवर घेतलं आणि दार लागलं. मग माझ्यापुढं रस्ता आणि पाठीमागं फळी.

देवळालीला जायला दोन रस्ते. एक पांढुर्लीवरून, जवळचा पण खाचखळग्यांचा. एक नाशिकरोडवरून, लांबचा पण पक्का. यूसुफ म्हणाला, हिला हिसका बसता कामा नये. मी पक्का धरला.

वाटेत तीन थापा आल्या. मी दामटलं. थोड्या वेळानं एक थाप आली, म्हणजे आत झटका आलाय, हळू. मग पुन्हा तीन. असं चाललं होतं. रस्ता मोकळा होता. गाडी त्या दिवशी इतकी सुरेख पळत होती की मी मनात तिचे आभार मानले.

नाशिकरोडच्या अलीकडे रेल्वेचं फाटक. फाटक बंद होतं आणि फाटकावरच मालगाडी उभी. सरकत नव्हती. पुढं तिच्या इंजिनात काही बिघाड झालेला. मी गाडी उभी केली.

उभी केली तशी ती थरथरायला लागली. साबण कधीच वितळून गेला होता. मी लिव्हर धरला.

गेटमन हिरवा-लाल बावटा बगलेत मारून उभा होता. मी ओरडलो, “किती वेळ?”

“त्याला विचारा,” त्यानं मालगाडीकडे हात केला. “मी काय ती ढकलू?”

“आत पेशंट आहे.”

तो गाडीजवळ आला, मागून डोकावून गेला. परत आला तेव्हा बोलणं बदललं होतं. “दादा, माझ्या हातात असतं तर उघडलं असतं. गाडी आडवी हाय.”

मी मोठ्यानं विचारलं, “यूसुफ, स्ट्रेचर उचलून मालगाडीला वळसा घालू?”

फळीमागून त्याचा आवाज आला. “झटक्यात उचलता येत नाही. पलीकडं गाडी कुठाय? तू इंजिन सांभाळ.”

मी इंजिन सांभाळलं. लिव्हर जरा वर घेतला की गाडी गुरगुरायची, जरा खाली आला की मरायला टेकायची. माझा हात तिथं आणि कान मागे. स्ट्रेचरच्या कड्या खुळखुळत होत्या. त्या गाडीमुळं वाजतात की हौसामुळं, ते मला पुढं बसून कळत नव्हतं. एवढंच कळून घ्यायचं होतं. ते कळत नव्हतं.

मग फळीमागून मामींचा आवाज आला. “जावईबापू, हौसी तुमाला बोलवतीय. जरा मागं या.”

मी म्हणालो, “मामी, हात सोडला तर गाडी बंद पडेल.”

“पडू द्या की!”



मी गेटमनला म्हणालो, “हा लिव्हर धर दोन मिनिटं.” तो म्हणाला, “मला बावटा सोडता येत नाय. वरून तार आली तर?” त्याचंही खरं होतं. त्याची ड्युटी त्याला, माझी मला.

मी पायाची पट्टी सोडली. फौजेत पोटरीला गुंडाळायची लांब पट्टी असते, ती. तिनं लिव्हर स्टिअरिंगला बांधला, दोन गाठी मारल्या, आणि मागे गेलो.

हौसाचे डोळे उघडे होते. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, “थंडी वाजतीय का हिला?”

“कुणाला?”

“गाडीला. केवढी कापतीय.”

“उभी आहे म्हणून. निघाली की थांबेल.”

“मंग निघा की.”

एवढंच बोलणं झालं. पुढं गाठ सरकली. इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद पडलं. आता कड्या गप्प व्हायला हव्या होत्या. मग मला दिसलं, रिकामं स्ट्रेचर गप्प होतं. हौसाच्या स्ट्रेचरच्या कड्या अजून वाजत होत्या. हौसाला झटका आला होता. यूसुफनं तिच्या दातांत फडक्याची गुंडाळी घातली, आणि मला डोळ्यांनी खुणावलं, जा.

लोक विचारतात, सीट का सोडलीस. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सोडीन.

मी पुढं येऊन हँडल मारलं. इंजिन तापलेलं, चिरेतून हवा शिरणारी, पेट्रोल विरळ. पकडेना. चिरेवर ओलं फडकं गुंडाळलं, तेल ओतलं. पकडेना. हाताची सालं निघाली.

फाटकाच्या चौकीत फोन होता. तो फक्त स्टेशनपर्यंत जायचा. मी गेटमनला म्हणालो, “स्टेशनला सांग, छावणीला कळवा. अँब्युलन्स मिसिंग आहे, बंद पडली. फाटकावर दुसरी गाडी धाडा.”

त्यानं फोनची मूठ गरागरा फिरवली आणि ओरडला, “मिलिटरीची अँब्युलन्स मिसिंग! मिसिंग! छावणीला कळवा! हां, शिन्नरकडनं येणारी!” फोनमध्ये खरखर होती. तो आणखी बोलत होता, तेवढ्यात मालगाडीनं शिट्टी दिली आणि त्यानं फोन ठेवून बावटा घेतला.

“पोचलं का?” मी विचारलं.

“पोचलं. बाबू म्हणला, लगेच कळवतो.”

मला धीर आला. देवळालीला दुसरी अँब्युलन्स रिकामी उभी होती. ती निघाली तर मालगाडी हलेपर्यंत पलीकडे येऊन थांबेल. मी यूसुफला सांगितलं, “दुसरी गाडी येतेय.” यूसुफनं ते मामींना सांगितलं. मामी हौसाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “दुसरी गाडी येतीय बरं का. न थरथरणारी.”

मालगाडी शिट्टी देऊनही हलली नाही. मग हलली, पण गोगलगायीसारखी. शेवटचा डबा गेला तेव्हा मी पलीकडच्या रस्त्याकडे बघितलं. रस्ता लांबवर दिसत होता. बैलगाड्या, एक सायकलवाला. गाडी नाही.

बैलगाडीवाले खाली उतरले. कुणी सांगावं लागलं नाही. भाजीच्या पाट्या बाजूला ठेवून त्यांनी अँब्युलन्सला खांदे लावले. “हां, रेटा! बाई हाय आत, जपून!” रूळांवरून गाडी पार झाली, पलीकडच्या उताराला लागली. मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. एक आचका, दुसरा, आणि इंजिन पकडलं.

मी दामटलं. वेग आला तशी थरथर गेली. स्टिअरिंग हातात लोण्यासारखं. एकही सिलिंडर चुकत नव्हता. मागून तीन थापा आल्या. मी आणखी दामटलं. डावीकडे छावणीची झाडं दिसायला लागली.

मग एक थाप आली.

मला वाटलं, झटका आला असेल. मी हळू केलं. पुढच्या तीन थापांची वाट बघितली. त्या आल्या नाहीत. रस्ता सरळ होता, मोकळा होता, गाडी बरी होती. पुन्हा एक थाप आली. हलक्या हातानं. मी तशीच हळू चालवत नेली. हॉस्पिटलच्या फाटकातून आत आलो तेव्हा पहारेकऱ्यानंसुद्धा विचारलं, एवढी सावकाश, रिकामी का?

डॉक्टरीण बाईंनी बघितलं. बाळही गेलं होतं. त्यांनी दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. मी विचारलं, “अर्धा तास आधी आणली असती तर?” त्या म्हणाल्या, “मी हो म्हणू शकत नाही. नाही पण म्हणू शकत नाही.” चांगली बाई होती. खोटं बोलली नाही. पण ते उत्तर घेऊन माणसानं जावं कुठं?

दिवस मावळायच्या आत दारणेच्या काठी सगळं उरकलं. त्याआधी न्हाऊ घालताना मामींनी तिच्या पायांतली जोडवी बोटांनी दाबून पुन्हा घट्ट केली. मी फाकवलेली. तशीच राहिली असती तर उचलताना पडली असती.

नदीवरून परत आलो तेव्हा छावणीच्या वर्कशॉपपुढं दुसरी अँब्युलन्स येऊन थांबत होती. चाकं तुंब्यांपर्यंत चिखलानं भरलेली. तिचा ड्रायव्हर बचनसिंग, पंजाबी. मला बघून उडी मारून खाली आला आणि त्यानं मला मिठीच मारली.

“ओये रंगनाथ! तू जिंदा है! सारा दिन तुझे ढूँढा.”

“मला?”

“ऑर्डर आली, अँब्युलन्स मिसिंग. सिन्नर साइड. पत्ता नाही. छावणीचे साहेब म्हणाले, पांढुर्लीच्या रस्त्यानं जाऊन बघ, ओढ्यात उलटली असेल. प्रत्येक नाला उतरून बघितला, यार.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. यूसुफ माझ्या शेजारी होता. त्याला आधी कळलं. तो खाली बसला.

फौजेत मिसिंग म्हणजे हरवलेला. जिवंत नाही, मेलेला नाही, जागेवर नाही. मोटारीच्या धंद्यात मिसिंग म्हणजे सिलिंडर चुकतोय. मी ड्रायव्हर होतो, माझ्या तोंडात माझा शब्द आला. गेटमननं ऐकला तसा सांगितला. बाबूनं त्याला कळला तसा कळवला. छावणीत तो फौजेच्या कानांनी ऐकला गेला, आणि हरवलेल्या गाडीचा ठिकाणा कोण विचारणार? सगळ्यांनी झटकन काम केलं. कुणी आळस केला नाही. बचनसिंग तर नाल्यांतून गुडघाभर चिखलात फिरला. कुणाची कॉलर धरू? रात्रभर शोधलं, माणूस सापडला नाही.

पुढं मोठी लढाई लागली. बचनसिंग धडधाकट परत आला. यूसुफ वाळवंटाकडे गेला. त्याच्या घरी तार आली, ‘मिसिंग’. त्याच्या बायकोनं तार माझ्याकडे आणली. मी फौजेतला, मला इंग्रजी येत असेल असं तिला वाटलं. तेवढा एक शब्द मला येत होता. ती म्हणाली, “भाईजान, याचा अर्थ काय?” मी म्हणालो, “सापडत नाही.” ती म्हणाली, “म्हणजे सापडेल?” मी डॉक्टरीण बाईंसारखंच केलं, हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही.

पलटणीत पडलेल्यांची नावं दगडावर आहेत. यूसुफचं आहे. मी कधी गेलो तर त्याच्या नावावर तळहात ठेवतो आणि एक थाप मारतो. हौसाचं नाव कुठंच नाही. असायचं कारणही नाही. ती फौजेत नव्हती, फौजेच्या गाडीत गेली एवढंच. मी लढाईत पुष्कळ माणसं वाहिली, बहुतेक पोचवली. लोक पोचवलेल्यांची आठवण सांगा म्हणतात. मला एकच आठवते. दुसरं लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारू नये.

हौसा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं राहिलं.

पहाटे उठून मी वर्कशॉपला गेलो. हवालदारानं न मागता माझ्या हातात पॅकिंग ठेवलं. उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीचं काढलेलं. मी मॅनिफोल्ड उतरवला. जुन्या पॅकिंगची चीर बोटाच्या पेराएवढी होती, काळी पडलेली, कडेला साबणाचा जळका चिकटा. दोन्ही तोंडं खरवडून साफ केली. जुना कण राहिला तर नवं पॅकिंगही हवा सोडतं. नवं बसवलं. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले. एकदम एकच आवळला तर पॅकिंग पिचतं. इंजिन तापवलं आणि तापल्यावर सगळे पुन्हा एकदा आवळले. हे शेवटचं लोक विसरतात. विसरू नका.

मग स्लोवर ठेवली. गप्प उभी राहिली. मी लिव्हरवरचा हात काढला. स्टिअरिंगला पट्टी तशीच बांधलेली होती. ती सोडली आणि पायाला गुंडाळली.

ऑर्डर होती, गाडी घेऊन कॅम्पवर परत. मामींना घरी सोडायचं होतं. त्या मागे बसल्या, शेजारी यूसुफ. मी पक्का रस्ता धरला.

फाटक बंद होतं. गाडी येणार होती. मी उभा राहिलो. इंजिन चालू होतं आणि मागे एकही कडी वाजत नव्हती. कालच्या गेटमनची पाळी संपलेली, आज दुसरा होता. तो बावटा घेऊन माझ्या खिडकीशी आला. त्यानं लाल क्रॉसकडे बघितलं.

“काल एक अँब्युलन्स हरवली व्हती म्हणं मिलिटरीची. टेसनातनं दोनदा फोन आला. घावली का?”

“घावली.”

“कुठं व्हती?”

“इथंच.”

तो काही विचारणार होता, पण गाडी आली. डबे गेले. त्यानं फाटक उघडलं. मागून यूसुफनं फळीवर एक थाप मारली. मी हळू निघालो.